आपण उतरलो कधी?

मांडव्याला रो-रोचा, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीचा, रॅम्प खाली पडला, पुढच्या गाड्या हलल्या, जॅकेटवाल्या माणसाने हात हलवून या या केलं आणि वहिनीने गाडी बाहेर काढली. चाकांखाली एकदा लोखंड धाडकन वाजलं, मग सिमेंट, मग डांबर, आणि आम्ही अलिबागच्या रस्त्याला लागलोसुद्धा. चोंढीच्या नाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मागच्या सीटवरून भाचीचा आवाज आला, "आत्या, आपण बोटीतून कधी उतरायचं?" मी म्हटलं अगं उतरलो की मघाशीच, मांडवा गेलं. तर म्हणते, "पण मी तर गाडीतच बसले होते. मी उतरलेच नाही." वहिनी हसली, मी हसले, आम्हाला वाटलं संपला विषय. तिने मात्र अलिबाग येईपर्यंत तो लावून धरला. गाडी उतरली म्हणजे आपण उतरलो का? मग आता गाडीतून उतरू तेव्हा बोटीतून पण उतरू का? आणि जे लोक वरच्या डेकवरून चालत गेले ते आपल्याआधी उतरले की नंतर? शेवटी मुक्कामाला गाडी थांबली तेव्हा तिने दोन्ही पाय जुळवून लाल मातीत उडी मारली आणि जाहीर केलं, "आता उतरले."

गोड वगैरे ठीक आहे, पण मला ते नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. कारण ही पोरगी काही कुठलीही पोरगी नाही, तिचा बाप बोटीवर असतो. आणि "बोटीवर असतो" हे आपल्याकडे किती सहज म्हणतात बघा, त्याचा अर्थ तो आत्ता कुठल्यातरी बोटीवर उभा आहे असा नसतोच, तो सुट्टीवर घरात लुंगी लावून टीव्ही बघत असला तरी बोटीवरच असतो, लग्नाच्या बाजारात मुलगा बोटीवर आहे म्हटलं की पगार, सुट्ट्या आणि एकटी राहणारी बायको हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. तिच्या घरात उतरणं हे क्रियापद कॅलेंडरवर असतं. बाबा कधी उतरणार, अजून तारीख नाही आली, उतरणार होता पण पोर्ट बदललं, उतरला पण फ्लाइट उद्याची आहे. तिला पायाने उतरण्याचा तेवढा अनुभव कमी आणि तारखेने उतरण्याचा जास्त, त्यामुळे आपण गाडीत बसल्याबसल्या उतरलो हे तिला पटणं शक्यच नव्हतं. उतरणं ही एवढी सोपी गोष्ट असती तर बाबा नसता का उतरला.

बरं, मराठीने प्रवाशाला नाव काय दिलंय, तर उतारू. लहानपणी एसटी स्टँडवर "उतारूंसाठी" लिहिलेल्या पाट्या वाचताना मला हे फार विचित्र वाटायचं. चढणारा माणूस, बसलेला माणूस, खिडकीसाठी भांडणारा माणूस, सगळे उतारू. अजून न उतरलेल्याला उतारू कसं काय म्हणता? मग कुणीतरी सांगितलं की उतरणे म्हणजे मुक्कामाला राहणे पण असतं, "मुंबईत कुठे उतरलात?" असं आपण विचारतोच, तर धर्मशाळेत उतरतो तो उतारू. ते बरोबरच असणार. पण मला त्यापेक्षा आमच्या मोठ्या आत्याचं स्पष्टीकरण आवडतं, जे तिने स्पष्टीकरण म्हणून दिलंच नव्हतं. तिला आगबोटीबद्दल काहीही विचारलं की एकच वाक्य आधी यायचं. "चडाक काय, कोणव चडता. उतराक येवक व्हया."

तिचं बालपण विजयदुर्गच्या बाजूचं, आजोबा लालबागला गिरणीत. त्यामुळे मुंबईहून येणं म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, तिथे धक्का होता, फळी होती, ढकलाढकली करून का होईना माणूस पाय न भिजवता बोटीत जायचा. मग रात्रभर डेकवर सतरंजी टाकून, कोळशाचा धूर, मासळीच्या करंड्यांचा वास, कुणीतरी कुठेतरी ओकतंय, त्याचा वास, त्यावर उतारा म्हणून आवळासुपारी नाहीतर लिंबू हुंगायचं. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर असं करत करत बोट खाली यायची आणि एकेका बंदराबाहेर भोंगा वाजवून उभी राहायची. बाहेर म्हणजे बाहेरच. बहुतेक ठिकाणी धक्क्याला लागण्याएवढं पाणी नव्हतं, म्हणून किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, निघायचे आणि बोटीच्या कुशीला येऊन भिडायचे. आता खरी गंमत. बोट मोठी, ती हळू डुलते. पडाव लहान, तो लाटेबरोबर पुरुषभर वर येतो आणि पुरुषभर खाली जातो. बोटीच्या दारात तुम्ही उभे, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पोर, मागून लोक रेटतायत, आणि समोर जिथे पाय टाकायचा ती फळी एकदा तुमच्या गुडघ्याशी असते आणि एकदा विहिरीच्या तळाशी.

आत्या सांगायची की तांडेल, म्हणजे पडावाचा मुख्य खलाशी, ओरडायचा, थांब, थांब, थांब, आणि मग एकदम, टाक! त्या "टाक"ला पाय टाकलाच पाहिजे. विचार केला की गेलात. पडाव वर इलो काय पाय टाकूचो, खाली जावक लागलो काय नाय. दोन खलाशी खाली हात पसरून उभे, ते दंडाला धरून ओढून घ्यायचे, नऊवारीतल्या बायकांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना तसंच. लहान पोरांना तर चालत उतरायचा प्रश्नच नव्हता, दारातला माणूस पोराची बगल धरून खाली सोडायचा आणि पडावातला झेलायचा. आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, असा झेलला गेल्यावर पडावात बसून म्हणाले होते की परत एकदा. बाकी बायका डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या.

एवढं करूनही तुम्ही उतरलेले नाहीत.

कारण पडाव किनाऱ्याला टेकत नाही. तोही गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात थांबतो, आणि मग खलाशी तुम्हाला खांद्यावर नाहीतर पाठुंगळी घेऊन वाळूत नेऊन ठेवतो. म्हणजे बोटीतून पडावात एकदा, पडावातून माणसाच्या खांद्यावर दुसऱ्यांदा, आणि खांद्यावरून जमिनीवर तिसऱ्यांदा. आमची आजी, जी घरात परक्या पुरुषासमोर पदर सोडत नव्हती, ती वर्षातून एकदा अख्ख्या गावासमोर गाबिताच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या दर्यावर्दी माणसाच्या, खांद्यावर बसून यायची आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही, हे मला त्या आगबोटीच्या सगळ्या गोष्टींमधलं सगळ्यात आवडतं. वाळूवर गावातलं कुणीतरी बैलगाडी घेऊन आलेलं असायचं, त्याला म्हणायचे उतरून घ्यायला आलाय. माणूस आपणहून उतरत नसे, त्याला उतरून घ्यावं लागे. आता आपण एअरपोर्टला "पिकअप करायला" जातो.

आणि घरी पोचल्यावर? आत्या म्हणायची दोन दिवस अंगातली बोट उतरायची नाही. ओटीवर बसलं तरी जमीन हलतेय, चुलीसमोर बसलं तरी हलतेय, रात्री डोळे मिटले की परत रत्नागिरीच्या बाहेर. ताप उतरतो, दारू उतरते, तशी बोट उतरते आणि ती आपल्या वेळेनेच उतरते. मला वाटायचं हे आत्याचं काहीतरी, पण याला डॉक्टरी नाव आहे आणि तेही फ्रेंच, माल द देबार्कमाँ, म्हणजे शब्दशः उतरण्याचा आजार. बोट लागणं हा चढल्यावरचा आजार, हा उतरल्यावरचा. बहुतेकांचा काही तासांत नाहीतर दोनेक दिवसांत जातो, पण काही लोकांचा महिनोनमहिने जात नाही, जमिनीवर उभे असतात आणि डुलत असतात. आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना चालत्या गाडीत बसलं की बरं वाटतं. हलणं बंद झालं हाच त्रास.

इथे थोडं पाल्हाळ लावते, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. आपण उतरणं म्हणजे वरून खाली येणं समजतो, जिना उतरणे, घाट उतरणे. पण संस्कृतात बघितलं तर मुळाशी तॄ धातू आहे, तरून जाणे, पार होणे, आणि उद् लावून होतं ते म्हणजे पाण्यातून बाहेर निघणे. खाली येण्याला अव लागतो, त्यातून अवतार आला. मराठीत ही दोन्ही पाण्यं एकाच उतरण्यात मिसळून गेलीत. म्हणून जुन्या पत्रांत आणि बखरींत फौजा नर्मदा "उतरून" जातात, १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि पुढचं पानिपत आपल्याला माहीतच आहे. त्यात कुणी खाली आलेलं नाही, पलीकडे गेलेलं आहे. नदीला उतार आहे का, असं अजून गावाकडे विचारतात तेव्हा पाणी पार करता येईल का एवढंच विचारायचं असतं. थोडक्यात आपल्या भाषेत बोटीतून उतरायला नुसता पाय खाली टाकून भागत नाही, पाण्यातून बाहेर पडावं लागतं. भाचीचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं.

पलीकडे न पोचलेल्यांची आठवण आमच्याकडे निघायचीच. आगबोटीचा विषय आणि रामदास बोट नाही असं कोकणात कधी झालेलं नाही. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी, म्हणजे जवळपास आम्ही रो-रोने गेलो तेच पाणी, सणाला घरी निघालेली माणसं, काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली, एका बाजूचे लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. धक्क्यापासून फार लांबही नाही. त्याआधी १९२७ मध्ये जयंती आणि तुकाराम या बोटी एकाच वादळात गेल्या होत्या, त्यांचीही नावं आत्या घ्यायची, पण रामदासची गोष्ट वेगळ्या आवाजात. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईला येणारे कोळी मध्ये सापडले, त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि जागा करून माणसं ओढून घेतली असं सांगतात. आत्याला त्या गोष्टीत नेहमी तो मासळीचा भाग मोठा वाटायचा. ती म्हणायची, रोजी टाकली रे त्यांनी. मला मात्र ते लोक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावलेले दिसत राहतात. त्यांना बोटीतून बाहेरच पडायचं होतं, आणि बोटीत राहून बाहेर पडायच्या धडपडीनेच बोट गेली.

रो-रोवर त्या दिवशी वरच्या डेकला लोक चिप्स खात सीगल्सचे फोटो काढत होते. मीही काढले.

दादाचं उतरणं यापेक्षा फार वेगळं असेल अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. टँकरवर सेकंड इंजिनिअर, एसी केबिन, उतरायचं म्हणजे विमानाचं तिकीट येणार. त्यांच्या भाषेत चढणं उतरणं नाही, साइन ऑन आणि साइन ऑफ. तो म्हणतो साइन ऑफच्या आधीचा महिना हा वेगळाच प्राणी असतो. कोण येणार रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा माणूस, त्याचा व्हिसा झाला का, त्याचं मेडिकल झालं का, आलाच नाही तर? तुमचं घरी जाणं पूर्णपणे एका अनोळखी माणसाच्या घरातून निघण्यावर अवलंबून. तिकडे कुणाच्यातरी घरी रडारड चालू असते तेव्हा आमच्याकडे पुरणाचं सामान येतं. रिलीव्हर गँगवे चढून वर आला की जहाजावर त्याच्यासारखा लाडका माणूस नसतो, त्याला चहा, त्याला सरबत, त्याची बॅग तुम्ही उचलणार. मग हँडओव्हर, कुठला पंप कुरकुरतोय, कुठल्या व्हॉल्व्हला दोन फेरे जास्त लागतात, कागदावर असतं ते आणि नसतं ते. आणि शेवटी कॅप्टन सीडीसीवर सही शिक्का मारतो.

सीडीसी म्हणजे खलाशाचं ते पुस्तक, जुने लोक त्याला नळी म्हणतात. पूर्ण नाव कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. त्यात प्रत्येक जहाजापुढे कुठे घेतलं ती तारीख आणि कुठे डिस्चार्ज केलं ती तारीख. आईने पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा काळजीने विचारलं होतं, "डिस्चार्ज? ॲडमिट होतास का तिकडे?" आम्ही तेव्हा पोट धरून हसलो. पण ज्या माणसाला डिस्चार्जची तारीख मिळत नाही त्याचं काय होतं ते २०२० मध्ये बघितलं आणि मग आईचा प्रश्न तितका विनोदी वाटेना.

त्या वर्षी बंदरं बंद झाली, विमानं बंद झाली, आणि जहाजं मात्र चालू राहिली कारण तेल, धान्य, औषधं तर हवीच होती. जगभरात चारेक लाख खलाशी करार संपूनही बोटीवर अडकले होते असा आकडा तेव्हा आला. नियमाने सलग अकरा महिन्यांच्या वर माणसाला बोटीवर ठेवता येत नाही, पण नियम जमिनीवरचे. आपल्याकडे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खलाशांना उतरवायची परवानगी निघाली आणि मरेला डिस्कव्हरी नावाच्या क्रूझ जहाजावरचे आपले लोक मुंबईत उतरले, ते आधी किती दिवस बाहेर समुद्रातच ताटकळत होते, ती बातमी आई रोज बघायची जशी काही त्यात दादाच आहे. दादा त्यात नव्हता. तो यूएईतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगर टाकून होता, समोर किनाऱ्यावरचे दिवे, फोनला रेंज, व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसायचा आणि उतरता येत नव्हतं. कॉलवर भाची तेव्हा अगदी लहान, ती स्क्रीनला हात लावून ये ये करायची. वहिनीने मला नंतर सांगितलं की त्या दिवसांत तिला त्याचा राग यायचा. सरकारचा नाही, कंपनीचा नाही, त्याचा. काहीही कारण नसताना. दिसतोयस ना समोर, मग ये की. चेहरा उतरलेला असायचा त्याचा आणि हिला वाटायचं नाटक करतोय.

तर तो आला तेव्हा कसा उतरला हे त्याने घरी जेवताना सांगितलं, आणि योगायोगाने मोठी आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. जहाज धक्क्याला लागलंच नव्हतं, नांगरावर होतं. सामान क्रेनला जाळीत बांधून खाली लाँचमध्ये सोडलं. मग जहाजाच्या पोटावरून दोराची शिडी, आणि शिडीच्या टोकाशी लाँच वर खाली वर खाली. दादा सांगत होता की ट्रेनिंगमध्ये शिकवतात, लाँच लाटेच्या माथ्यावर असते तेव्हाच पाय टाकायचा, ती खाली जात असताना टाकला तर तुम्ही हवेत लटकता, आणि मग ती परत वर येते ती तुमच्या पायांवर. आत्या भात कालवत होती. ती वर न बघता म्हणाली, "मगे? पडाव वर इलो काय पाय टाकूचो." दादाचा हात ताटातच थांबला. पन्नास साठ हजार टनाचं जहाज, सॅटेलाइट फोन, सेफ्टी हार्नेस, लाइफजॅकेट, आणि शेवटची पायरी विजयदुर्गचीच. त्यानंतर तो आत्याला काहीतरी विचारत बसला, पडावाला टायर होते का, दोर कुठून टाकायचे, आणि आत्या अशी उत्तरं देत होती जशी काही तीच सीनियर आहे. आणि होतीच की.

जहाज सोडण्याचा जो दुसरा प्रकार, अबँडन शिप, त्याबद्दल दादा फार बोलत नाही. एवढंच सांगितलंय की धोक्याचा भोंगा वेगळा, सात छोटे आणि एक लांब, तो वाजला की आपापल्या जागी जमायचं. पण जहाज सोडायचा हुकूम भोंग्याने होत नाही, तो कॅप्टनने तोंडाने द्यायचा. उगाच नाही ते. जहाज बुडत असलं तरी बहुतेक वेळा तेच सगळ्यात मोठं तरंगणारं काहीतरी असतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आपल्या मुंबईसमोर पी-३०५ या बार्जचा, म्हणजे कामगार राहतात अशा मोठ्या तराफ्याचा, नांगर सुटला, २६१ माणसं होती, त्यातल्या कितीकांना रात्री खवळलेल्या पाण्यात उडी मारण्यावाचून काही उरलं नाही. आयएनएस कोची आणि इतर नौदलाच्या बोटींनी बऱ्याच जणांना पाण्यातून काढलं, पण सत्तरहून जास्त गेले. त्या बातम्यांत एक शब्द सगळीकडे होता, उड्या मारल्या. उतरले असं कुणी लिहिलं नाही, लिहिणारच नाही.

याच्या उलट तो इटलीचा कॅप्टन, स्केत्तिनो. २०१२ च्या जानेवारीत कोस्टा काँकॉर्डिया जिल्यो बेटाच्या खडकाला घासली, ३२ लोक गेले, आणि कॅप्टनसाहेब प्रवासी वर असताना लाइफबोटीत. तटरक्षक दलाचा अधिकारी फोनवर त्याला ओरडतोय की परत जहाजावर जा, ते रेकॉर्डिंग जगभर गाजलं. पण मला लक्षात राहिलाय तो त्याचा बचाव. तो म्हणाला मी जहाज सोडलं नाही, मी घसरलो आणि लाइफबोटीत पडलो. म्हणजे क्रियापदच बदललं पठ्ठ्याने! सोडलं म्हणजे गुन्हा, पडलो म्हणजे अपघात. कोर्टाला पटलं नाही, सोळा वर्षं झाली. आमच्या आत्याला ही गोष्ट सांगितली असती तर तिने एवढंच विचारलं असतं की पडलो तर लागला काय खय, आणि केस तिथेच संपली असती.

मला वाटतं, आणि हे माझं वाटणं आहे, दादाला हे मान्य नाही, की उतरण्याचं सगळ्यात अवघड टोक शिडीवर नसतंच. तो घरी येतो, बॅगा हॉलमध्ये, चॉकलेटं वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला स्वयंपाकघरात दिवा. त्याची वॉच, म्हणजे बोटीवरची पाळी, वर्षानुवर्षं चार ते आठ. उठून काय करतो तर काही नाही, फ्रिजचा आवाज ऐकतो. कंप्रेसर जास्त वेळ चालतोय म्हणतो. वहिनी सांगते पहिला आठवडा तो ग्लास टेबलाच्या कडेला ठेवत नाही, मध्यभागी ठेवतो आणि खाली ओला फडका टाकतो, म्हणजे सरकू नये. ठाण्याच्या चौथ्या मजल्यावर. तिला आधी त्याचं हसू यायचं, मग भीती वाटायला लागली, मग सवय झाली, आणि सवय होते न होते तोवर निघायची तारीख. पोरगी तर पहिले दोन दिवस त्याच्याकडे सरळ जातच नाही, दाराआडून बघते. तिच्या मते तो आलाय, पण उतरलाय का नाही ते अजून ठरलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर दादाने बोट सोडली. आता तो सर्व्हे करतो, न्हावाशेवाला आणि बाहेर नांगरावर येणाऱ्या जहाजांवर जायचं, इंजिनरूम बघायची, रिपोर्ट करायचा आणि रात्री घरी. म्हणजे आता तो रोज चढतो आणि रोज उतरतो, पूर्वीपेक्षा किती पटीने जास्त. आई फोनवर नातेवाइकांना सांगते की नाही हो, आता बोटीवर नाही, आता जाऊनयेऊन असतो, आणि समोरचे काळजीने विचारतात, का बरं, काही झालं का? सगळं छान चाललंय. वहिनीने पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आणलंय त्यावर अजून एकही गोल नाही. परवा भाचीच्या शाळेसाठी पासपोर्ट फोटो शोधताना तिला ड्रॉवरमध्ये दादाचे नवे कोरे फोटो मिळाले, पांढऱ्या बॅकग्राउंडवर, आणि त्याखाली पावती. सीडीसी रिन्यू केलीय. मी विचारलं अरे आता कशाला, तर म्हणाला, "असूदे गं, दहा वर्षं चालते." वहिनी तिथेच होती. ती म्हणाली, "बघू, फोटो कसा आलाय."